दुधीच्या रसानं ब्लॉकेज उघडत नाही

गेल्या महिन्यात कराडला मामांकडे मुक्कामाला होते. पहाटे सहाच्या सुमारास मिक्सरच्या घरघरीनं जाग आली. स्वयंपाकघरात गेले तर ओट्यावर सालासकट चिरलेला दुधी, तुळशीची पानं, पुदिना आणि काळ्या मिठाची बरणी. मामी गाळणीतून हिरवट रस स्टीलच्या पेल्यात गाळत होती. "तुझ्या मामांचं औषध," ती म्हणाली. मामांना आठ महिन्यांपूर्वी स्टेंट, म्हणजे हृदयाची नळी उघडी ठेवणारी जाळी, बसवलाय. फ्रिजवरच्या डब्यात त्यांच्या गोळ्या असतात. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दिलेल्या गोळ्यांचं पाकीट उचलून पाहिलं, तर कोरं करकरीत, एकही गोळी फोडलेली नाही. "एकवीस दिवस बंद ठेवून बघतोय," मामा म्हणाले आणि त्यांनी मोबाईल माझ्यापुढे धरला.

तो मेसेज तुम्हीही वाचला असेल. मजकूर थोडाफार बदलतो, पण गाभा असा: महर्षी वाग्भटांनी ३००० वर्षांपूर्वी 'अष्टांगहृदयम्' या ग्रंथात हृदयरोगावर ७००० सूत्रं लिहून ठेवली. हृदयाच्या नळ्यांत ब्लॉकेज झालं याचा अर्थ रक्तात आम्लता वाढली. आम्लता मारायला क्षार हवा आणि सगळ्यांत जास्त क्षार दुधीत असतो. म्हणून रोज सकाळी उपाशीपोटी २०० ते ३०० मिली दुधीचा रस तुळस, पुदिना आणि काळं मीठ घालून प्यायचा. २१ दिवसांत फरक दिसेल, दोन-तीन महिन्यांत ब्लॉकेज निघून जाईल, ऑपरेशन टळेल आणि डॉक्टरांच्या लुटीतून तुम्ही वाचाल. शेवटी हात जोडलेली चित्रं आणि 'जास्तीत जास्त लोकांना पाठवा'.

मी डॉक्टर नाही, शाळेत विज्ञान शिकवते. हा मेसेज कित्येक वर्षं मराठीत आणि हिंदीत फिरताना पाहिलाय आणि दर वेळी वाचून सोडून दिलाय. ते कोरं पाकीट हातात आल्यावर मात्र सोडवेना.

आधी वाग्भटांचं बघू. 'अष्टांगहृदय' या नावात हृदय आहे, म्हणून मेसेज लिहिणाऱ्यानं तो हृदयरोगाचा ग्रंथ करून टाकला. इथे हृदय म्हणजे गाभा, सार. कायचिकित्सा, बालरोग, ग्रहबाधा, डोळे-कान-नाक-घशाचे विकार, शल्य, विषचिकित्सा, रसायन (म्हातारपण लांबवणं) आणि वाजीकरण (कामशक्ती वाढवणं) ही आयुर्वेदाची आठ अंगं, आणि त्यांचं सार या ग्रंथात आहे. श्लोक सात हजारांच्या आसपास आहेत हे खरं, पण ते दिनचर्येपासून सर्पदंशापर्यंत सगळ्या विषयांचे मिळून. काळाचंही तसंच. अभ्यासक वाग्भटांना साधारण इसवी सनाच्या सहाव्या-सातव्या शतकात ठेवतात, म्हणजे जेमतेम चौदाशे वर्षं झाली. आणि हा ग्रंथ आपल्याला परका नाही. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री, ज्याला आपण हेमाडपंत म्हणतो, त्यानं तेराव्या शतकात याच ग्रंथावर 'आयुर्वेदरसायन' नावाची टीका, म्हणजे अर्थ उलगडणारं भाष्य, लिहिलं. ज्या ग्रंथाचा अर्थ लावायला आपल्याच मातीतल्या माणसानं एवढे कष्ट घेतले, त्याच्या नावावर आज कुणीही उठून काहीही खपवतं, याचा मला मनापासून राग येतो.

आता रक्तातल्या आम्लतेकडे येऊ. हा भाग मी दर वर्षी फळ्यावर शिकवते. आम्ल किती तीव्र हे सामू, म्हणजे पीएच, सांगतो. ही मोजपट्टीच मुळात १९०९ मध्ये कोपनहेगनच्या सोरेनसन यांनी मांडली. पाण्याचा सामू ७. त्याखाली आम्ल, त्यावर आम्लारी, मेसेजच्या भाषेत क्षार. आपल्या रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ या चिंचोळ्या पट्ट्यात राहतो, म्हणजे रक्त मुळातच किंचित आम्लारीधर्मी आहे. तो खाली घसरायला लागला तर फुप्फुसं कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर टाकतात, मूत्रपिंडं जादा आम्ल लघवीतून काढतात आणि रक्तातलं बायकार्बोनेट ते झेलून धरतं. आपण लिंबू खा, लोणचं खा की दुधी खा, लघवीचा सामू थोडा हलतो, रक्ताचा हलत नाही. रक्त खरोखर आम्लाकडे झुकतं ते मूत्रपिंडं निकामी झाल्यावर किंवा मधुमेह फार हाताबाहेर गेल्यावर, आणि तेव्हा माणूस घरात मिक्सर लावत बसलेला नसतो, अतिदक्षता विभागात असतो.

पोटातलं आम्ल वेगळं. जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल असतंच, लिंबाच्या रसाइतकं किंवा त्याहूनही तीव्र. ते अन्ननलिकेत वर आलं की जळजळतं, आंबट ढेकर येतात. मेसेजवाला सांगतो की हीच आम्लता वाढत वाढत रक्तात उतरते. तशी वाट शरीरात नाही. आणि दुधीत क्षार आहे असं घटकाभर धरलं, तरी घशाखाली उतरल्यावर त्याची पहिली गाठ त्या जठरातल्या आम्लाशीच पडणार.

हे तरी इकडेतिकडे ऐकलेलं असतं. ब्लॉकेज या शब्दानं मात्र भलीभली माणसं फसतात. नळी तुंबली म्हटलं की डोळ्यांसमोर मोरी येते. मोरीत सोडा ओतला की घाण सुटून वाहून जाते, तसंच हृदयातही होईल असं वाटतं. पण हृदयाच्या धमनीतला साठा नळीच्या पोकळीत चिकटलेला नसतो, तो भिंतीच्या आत, अस्तराखाली असतो. घराच्या भिंतीला ओल लागून गिलाव्याखाली पोपडा फुगतो, तसा. त्यात कोलेस्टेरॉल असतं, सूज आलेल्या पेशी असतात, व्रणासारखे धागे असतात, जुना झाला की कॅल्शियमही. वर्षानुवर्षं तो बनत असतो. वरून वाहणाऱ्या रक्तात काही मिसळून तो धुऊन काढता येत नाही. आणि झटका बहुतेक वेळा नळी हळूहळू बुजून येत नाही. तो पोपडा फुटतो, तिथे रक्त गोठतं आणि गुठळीनं नळी काही मिनिटांत बंद होते. पन्नास टक्क्यांहून कमी अरुंद झालेल्या जागीही हे होऊ शकतं. म्हणून डॉक्टर कोलेस्टेरॉलची आणि गुठळी रोखणारी गोळी देतात. पोपडा फुटू नये आणि फुटलाच तर वर गुठळी जमू नये, हे त्या गोळ्यांचं काम. मामांनी नेमकी गुठळी रोखणारीच बंद केली होती.

मेसेजमधलं आणखी एक वाक्य मला सगळ्यांत घातक वाटतं, कारण ते सगळ्यांत निरुपद्रवी दिसतं: 'नैसर्गिक आहे, अपाय काहीच नाही.' मी त्या पेल्यातला चमचाभर रस जिभेवर घेतला. आधी पुदिना लागला, मग मीठ, आणि गिळल्यावर मागून घशाशी कडवट चव आली.

"मामा, हे कडू लागतंय."

"औषध कधी गोड असतं का?"

दुधी, भोपळा, काकडी, दोडका या सगळ्या कुळात कुकुरबिटासिन नावाची कडू द्रव्यं असतात. किडीपासून वाचायला वेल ती बनवतो. खायच्या जातींत ती पिढ्यान् पिढ्या निवडून कमी केलेली आहेत, पण पाण्याचा ताण पडला, कडक ऊन झालं किंवा बियाण्यात कडू जातीची भेसळ आली की एखादा दुधी कडूजहर निघतो. बाहेरून ओळखू येत नाही. मिरजेला तंबोऱ्यासाठी जो भोपळा वापरतात तो याच जातीचा, आणि तो इतका कडू असतो की कुणी तोंडात घालणार नाही. शिजवलं तरी हे कडू द्रव्य मोडत नाही. भाजीत मात्र पहिल्याच घासाला कळतं आणि आपण ताट बाजूला सारतो. रसात अख्खा दुधी पिळून एका पेल्यात उतरतो, वर पुदिना आणि मीठ घालून चव दडवली जाते, आणि 'औषध आहे' म्हणून माणूस डोळे मिटून घटाघटा पितो.

असा रस पिऊन माणसं दगावल्याच्या बातम्या २०१० च्या सुमारास आल्या, तेव्हा भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनं, म्हणजे आयसीएमआरनं, तज्ज्ञांची समिती नेमली. तिचा अहवाल २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. पोटात कळा, उलट्या, जुलाब, रक्ताची उलटी, रक्तदाब एकदम खाली येणं ही त्यातली लक्षणं. आधीपासून आजारी असलेल्यांच्या जिवावर बेतू शकतं, असंही त्यात स्पष्ट आहे. यावर उतारा म्हणून कुठलंही औषध नाही, फक्त लक्षणांवर उपचार करता येतात. समितीचा सल्ला साधा आहे: रस काढण्याआधी दुधीचा तुकडा चाखा, कडू लागला तर फेका; दुसऱ्या कुठल्याही रसात मिसळू नका; प्यायल्यावर मळमळ, उलटी, अस्वस्थपणा आला तर लगेच दवाखाना गाठा. आता मेसेजमधली कृती पुन्हा वाचा. तुळस, पुदिना आणि काळं मीठ घालायला सांगणारा मेसेज चाखून बघा असं एका शब्दानं म्हणत नाही.

आणि ज्या आयुर्वेदाच्या नावानं हे चाललंय, त्याला ही गोष्ट माहीत होती. चरकसंहितेच्या कल्पस्थानात कडू दुधीवर, इक्ष्वाकूवर, एक अख्खा अध्याय आहे. त्याचा उपयोग सांगितलाय तो वमनासाठी, म्हणजे वैद्याच्या देखरेखीखाली उलटी करवण्यासाठी. नुकताच स्टेंट बसलेल्या, रक्तदाबाच्या गोळ्या खाणाऱ्या माणसानं रोज उपाशीपोटी घ्यायची ती वस्तू नव्हे.

मामी भाजीला दुधी चिरताना देठाकडची चकती नेहमी जिभेला लावून बघते. आजीनं तिला तसं शिकवलंय. रसाच्या वेळी का बघितलं नाही, असं विचारलं तर ती गप्प झाली. मग म्हणाली, "त्यात लिहिलं नव्हतं गं."

'२१ दिवसांत फरक पडतो' यावर फार बोलायला नको. रस सुरू करणारा माणूस त्याच दिवशी वडापाव सोडतो, संध्याकाळी चालायला लागतो, आठ दिवसांत त्याला हलकं वाटतं, आणि श्रेय मिळतं पेल्याला. ज्यांना त्रास झाला ते मेसेज लिहायला बसत नाहीत.

डॉक्टरांच्या लुटीचं मात्र मी उडवून लावणार नाही, कारण हा मेसेज पळतो तो याच वाक्याच्या जोरावर. लोकांचा राग खरा आहे. स्टेंटच्या किमतींवर सरकारला फेब्रुवारी २०१७ मध्ये मर्यादा घालावी लागली. औषधाचा लेप असलेला स्टेंट ३० हजारांच्या आत आणला गेला, त्याआधी त्याच्यासाठी लाखाच्या वर मोजलेली माणसं आपल्या ओळखीत आहेत. प्रत्येक ब्लॉकेजला स्टेंट लागतोच असंही नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इस्किमिया' नावाच्या चाचणीत ३७ देशांतले ५१७९ रुग्ण होते. ज्यांचा आजार स्थिर आहे अशा लोकांमध्ये चांगल्या औषधोपचाराबरोबर सरसकट स्टेंट किंवा बायपास केल्यानं मृत्यू किंवा झटके कमी झाल्याचं दिसलं नाही. छातीत वारंवार दुखणाऱ्यांना आराम मात्र जास्त मिळाला. तेव्हा 'हे आत्ताच करायला हवं का, गोळ्यांवर भागेल का' असं डॉक्टरांना विचारा, दुसऱ्या डॉक्टरांना कागद दाखवा, तो तुमचा हक्क आहे. पैशाची अडचण असेल तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत ॲन्जिओप्लास्टी आणि बायपास दोन्ही बसतात. पण नीट बघा, त्या चाचणीतही शस्त्रक्रियेला पर्याय म्हणून टिकल्या त्या गोळ्या. आणि मेसेजच्या भरात माणूस नेमक्या त्याच सोडतो. स्टेंट बसलेल्यानं तर गुठळी रोखणारी गोळी स्वतःच्या मनानं एक दिवसही थांबवू नये. ती धातूची जाळी रक्ताला परकी असते. अस्तर तिच्यावर चढेपर्यंत तिच्यात अचानक रक्त गोठून मोठा झटका येऊ शकतो.

शेवटी एक, जे मेसेजमध्ये थेट लिहिलेलं नाही पण त्यातूनच डोक्यात शिरतं. हृदयाचं दुखणं म्हणजे आम्लता, असं एकदा मनात बसलं की छातीवर दडपण आलेला माणूस सोडा पितो, जिरं चघळतो, थंड दूध मागतो आणि पडून राहतो. आपल्याकडे 'ॲसिडिटी झालीय' म्हणत किती तास वाया जातात! छातीत दाबल्यासारखं होणं, ते खांद्यात, हातात, जबड्यात जाणं, दरदरून घाम, धाप लागणं. बायकांना आणि मधुमेह्यांना कधी नुसतीच मळमळ आणि विलक्षण थकवा. अशा वेळी रस नको, सोडा नको, स्वतः गाडी चालवणंही नको. १०८ ला फोन करायचा आणि ईसीजी काढायचा. बंद पडलेली नळी जितकी लवकर उघडेल तितका हृदयाचा स्नायू वाचतो, आणि हा हिशेब मिनिटांचा असतो.

त्या सकाळी पेला मोरीत ओतला आणि दवाखाना उघडताच मामांना घेऊन गेले. गोळ्या बंद करून अकरा दिवस झाले होते. ईसीजी ठीक निघाला, गोळ्या तिथेच सुरू झाल्या. घरी आल्यावर मामा बराच वेळ मोबाईल घेऊन बसले होते. त्यांनी तो मेसेज चौघांना पाठवला होता. एकेकाला स्वतः फोन लावला. तिघांनी वाचून सोडून दिला होता. चौथे त्यांचे शाळेपासूनचे मित्र, त्यांचीही बायपास झालेली. त्यांनी महिन्यापासून एकही गोळी घेतली नव्हती. मामा जेवायलाही थांबले नाहीत. दुपारच्या एसटीनं उंब्रजला गेले.