पिकअप घ्या, मग बोलू

आज भाच्यासाठी मुलगी बघायला गेलो होतो. पोहे झाले, चहा झाला. शेती किती, बोअरला पाणी किती, ताकारी योजनेचं पाणी शिवारात येतं का, सगळं विचारून झालं. दादा नीट उत्तरं देत होता. मग मुलीच्या चुलत्यांनी विचारलं, "गाडी कुठली हाय?"

दादा म्हणाला, "सध्या तीनचाकी टेम्पो हाय. आता सेकंडहँड छोटा हत्ती बघतोय पोरगा."

छोटा हत्ती म्हणजे टाटांची छोटी चारचाकी मालगाडी. चुलते हसले. "छोटा हत्ती व्हय? अवो, आमच्या आळीत दारादारात पिकअप हाय. पिकअप घ्या, मग बोलू."

माझा दादा मान खाली घालून टॉवेलाचं टोक पिळत बसला. पोराचा चेहरा तर बघवत नव्हता. आणि आता संध्याकाळी दादाचा फोन, "अगं, फायनान्सवाल्याशी बोललोय. नवी पिकअपच काढू. लोकं नावं ठेवत्यात."

तेव्हापासून डोकं फिरलंय माझं. स्वयंपाक आटपला, भांडी तशीच ठेवली आणि लिहायला बसले.

दादा, तू फेसबुकवर नाहीस, पण पोरगा आहे, तो वाचून दाखवेल. तुझं रान दीड एकर. त्यात वांगी, ढोबळी, काकडी. रोजचा माल किती? तुझा आणि शेजारच्या दोघांचा धरून पंचवीस-तीस कॅरेट. कॅरेटला वीस किलो धर. ५०० ते ६०० किलो झाले. एवढ्यासाठी दीड टन ओढणारी गाडी दारात बांधायची? कुणाला दाखवायला?

नवी पिकअप आज दहा लाखांच्या घरात जाते. दोन लाख तू घालशील, आठ लाखांचं कर्ज. पाच वर्षांची मुदत आणि ११ टक्के व्याज धरलं तर हप्ता १७ हजारांच्या वर बसतो. वांग्याला दर असो नसो, अवकाळी येवो न येवो, तो हप्ता महिन्याच्या महिन्याला दारात उभा. दर पडला म्हणून कॅरेटच्या कॅरेट उकिरड्यावर ओतलेली माणसं आपल्याच भावकीत आहेत, वेगळं सांगायला नको. त्या महिन्यात हप्ता कशातून भरायचा? सुनेच्या गळ्यातलं ठेवून? म्हणजे ज्या मुलीसाठी गाडी घेतली, तिच्याच अंगावरचं सोनं सोसायटीत गहाण जाणार!

आमची अशीच छोटी गाडी घेतली तेव्हाची गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे, पण आज परत सांगते. आमची रोपवाटिका. माल हलका पण जागा खाणारा, ट्रेवर ट्रे रचायचे. आमच्या ह्यांना मिरजेतल्या एका एजंटाकडची गाडी भरली होती. चकचकीत रंग, लाल मखमली सीट, आत देवाला लायटिंग. आमचे सासरे, आण्णा, आयुष्यभर कारखान्याच्या ऊस वाहतुकीच्या ट्रकवर होते. त्यांनी सीटकडे बघितलंसुद्धा नाही. एक पोतं मागून घेतलं, जमिनीवर अंथरलं आणि गाडीखाली शिरले. मागच्या एक्सलजवळ चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, ताजा काळा रंग मारला होता. आण्णांनी तो अंगठ्याच्या नखानं खरवडला, तर खाली वेल्डिंगची जाड शिवण. मग पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या, मोजले. कंपनीच्या पाट्यांवर एक जादा पाटा चढवलेला. बाहेर आले आणि किल्लीचं टोक हौद्याच्या कोपऱ्यातल्या सांध्यात घालून उकरलं. लाल भुकटी निघाली. तळहातावर घेऊन त्यांनी ह्यांना दाखवली. "हिनं विटा वाहिल्यात. दीड-दीड टन वाहिल्यात. चल."

एजंट ओरडत होता, "घ्यायची असंल तर घ्या, रंग कशाला खरवडताय?" आण्णांनी मागं वळून बघितलं नाही.

जुनी गाडी बघताना लोक मॉडेल कितीचं विचारतात, किलोमीटर किती विचारतात. मीटरचा आकडा काय, मागं फिरवता येतो. गाडीनं आजवर काय वाहिलं ते विचारा. वाळू, विटा, खडी वाहिलेली गाडी पाच वर्षांची असली तरी म्हातारी. खताची पोती वाहिलेली असली तर हौदा खालून गंजलेला असतो, वरचा पत्रा नवा टाकून देतात. आणि पाव-खारी, वेफर्स, आइस्क्रीम असला माल वाहिलेली गाडी दहा वर्षांची असली तरी तिच्या पाट्यांना, क्लचला फारसा ताण बसलेला नसतो. आम्ही शेवटी आष्ट्याच्या एका बेकरीवाल्याची गाडी घेतली. सीट फाटलेली, दाराला पोचा, पण हौद्याची फळी सरळ आणि पाटे मूळचे.

तिथंही आण्णांचंच. बेकरीवाल्यानं दहाला बोलावलं होतं, आण्णा सहाला दारात. असल्या छोट्या गाडीचं इंजिन सीटखाली असतं. सीट उचलून इंजिनवर हात ठेवला. गार. मग म्हणाले, "आता मार स्टार्टर." गरम इंजिन कुठलंही लगेच उठतं, खरी परीक्षा पहाटेच्या थंडीत. गाडी चालू असताना ऑइलचं झाकण काढून बघितलं, भकाभका धूर येत नव्हता. सायलेन्सरमधून निळसर धूर नव्हता, म्हणजे ऑइल खात नव्हती. हँडब्रेक ओढून, तिसरा गिअर टाकून क्लच हळूच सोडायला लावला. गाडी पटकन बंद पडली. ते चांगलं. क्लच प्लेट गेलेली असली तर इंजिन नुसतंच गुरगुरत राहतं. पुढच्या टायरवरून हात फिरवून एकीकडूनच झिजलंय का तेही पाहिलं. टायरवर चार आकडे असतात, ३२१९ असेल तर २०१९ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यातला टायर. हे मला त्या दिवशी कळलं, आणि आता मी कुणाच्याही गाडीजवळ उभी राहिले की आधी तेच वाचते.

डिझेलचं बोलू, कारण आमच्या गाडीची वही माझ्याकडे असते. आमची गाडी भरून गेली तरी लिटरला अठराच्या आसपास देते. आमच्या शेजाऱ्यांची पिकअप बाराच्या वर जात नाही, आणि त्यांचा मुलगा हे स्वतः सांगतो. भाच्याचं येऊन-जाऊन ७० किलोमीटर धरा. रोज दोन लिटरचा फरक. आपल्याकडे डिझेल लिटरला ९० रुपयांच्या वर आहे. महिन्याचे २५ दिवस धरले तरी साडेचार हजार रुपये नुसते जास्तीचे जाळायचे. हप्ता वेगळा, विमा वेगळा, टायर वेगळे.

आणि ज्या गाडीला हसता ना, ती साधीसुधी नाही. २००५ साली टाटांनी छोटा हत्ती आणला तेव्हा दोन सिलिंडरचं ७०२ सीसीचं डिझेल इंजिन, ताकद अवघी १६ हॉर्सपॉवर, आणि वाहायची पाऊण टन. त्या गाडीवर सांगली जिल्ह्यात किती घरं उभी राहिली! दूध, भाजी, मंडप, गॅसच्या टाक्या, लग्नाचा रुखवत, सगळं तिच्यावरच. नंतर त्याच मापात मारुतीची सुपर कॅरी आली २०१६ ला. तिचं सुरुवातीचं डिझेल इंजिनही दोन सिलिंडरचंच. अॅव्हरेजला चांगली, पण ते डिझेल मॉडेल आता जुन्या बाजारातच शोधावं लागतं. महिंद्राची जीतो आहे. थोडा जास्त माल असेल तर लेलँडची दोस्त, सव्वा टनाची, तीन सिलिंडर. २०२० च्या एप्रिलपासून बीएस-६, म्हणजे गाडीच्या धुराचे नवे कडक नियम, आले, त्यानंतरच्या डिझेल गाड्यांत धुराची यंत्रणा आणि सेन्सर वाढले. त्या वाईट नाहीत, पण गावातल्या मेस्त्रीला जिचं सगळं कळतं अशी गाडी हवी असेल तर त्याआधीची बघावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

सीएनजी स्वस्त पडतं, मान्य. पण टाकीचं वजन मालातून वजा होतं, दर तीन वर्षांनी टाकीची तपासणी करायला लागते, आणि पहाटे भाजी घेऊन निघालेल्या माणसानं पंपावर रांगेत किती वेळ उभं राहायचं?

हां, घाटात दोन सिलिंडरची गाडी दमते. खंबाटकीला दुसऱ्या गिअरवर कण्हत चढते, हे खरं. द्राक्षं घेऊन रोज पुण्या-मुंबईला जाणाऱ्यानं पिकअपच घ्यावी, त्याला माझी ना नाही. पण माझा भाचा मिरज आणि सांगलीच्या मार्केटच्या पलीकडं जात नाही! वर्षातून चार दिवस माल जास्त निघाला तर त्या चार दिवसांपुरती भाड्यानं गाडी सांगावी. चार दिवसांसाठी बाकीचं वर्षभर मोठी गाडी पोसायची का?

छोट्या गाडीला कागदाचा त्रासही कमी. गाडीचं मालासकट एकूण वजन ३००० किलोच्या आत असलं की मालवाहतुकीचा परवाना लागत नाही. साध्या चारचाकीच्या लायसन्सवर साडेसात टनांपर्यंतची मालगाडी चालवता येते, हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्कं केलंय, तेव्हा बॅजचं, म्हणजे मालगाडी चालवायला लायसन्सवर वेगळी नोंद लागते असलं, भय घालणाऱ्या एजंटाचं ऐकायचं नाही. पासिंग, म्हणजे आरटीओची फिटनेस तपासणी, मात्र बघायचं. आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर फायनान्सची एनओसी आणि बोजा उतरवायचा सही-शिक्क्याचा ३५ नंबरचा फॉर्म हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे द्यायचे नाहीत. गाडी नावावर करायच्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर मालकाची सही आपल्यासमोर घ्यायची. जुनी दंडाची चलनं ऑनलाइन दिसतात, ती त्याच्याकडून भरून घ्यायची. चासी नंबर पेन्सिलनं कागदावर उठवून आरसीशी जुळवायचा. आण्णांनी बेकरीवाल्याच्या अंगणात बसून हेच केलं होतं. चष्मा कपाळावर आणि कागद डोळ्यांना लावून एकेक आकडा वाचत होते. बेकरीवाला वैतागला नाही, उलट आतून गरम खारी आणून दिली. ज्याच्या गाडीत खोट नाही तो वैतागत नाही.

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. त्या चुलत्यांचाही एक विचार असेल. आपली पुतणी सुखात पडावी, एवढंच त्यांना वाटत असेल, आणि सुख मोजायला त्यांच्याकडे गाडीचंच माप आहे. शेतकऱ्याच्या पोराला मुलगी मिळत नाही, हेही मला माहीत आहे, दादाची झोप त्यानंच उडालीय. पण दारात उभ्या असलेल्या पिकअपवर किती कर्ज आहे, हे कुणी का विचारत नाही? एवढी माणसं बसली होती, त्या मुलीला कुणी एक शब्द विचारला नाही. ती दाराआड उभी राहून सगळं ऐकत होती. मला तिच्याशी बोलायचं होतं, राहूनच गेलं.

दादा, हप्त्याच्या कागदावर उद्या सही करू नकोस. मी आणि आमचे हे सकाळी येतोय. पोराला म्हणावं, लाजू नकोस, तुझं काय चुकलेलं नाही.

आणि माझ्या यादीतल्या सगळ्यांना विनंती. पलूस, तासगाव, विटा, आष्टा, मिरज या भागात कुणाची छोटा हत्ती किंवा सुपर कॅरी डिझेल विकायची असेल तर इनबॉक्समध्ये कळवा. बजेट अडीच लाखांपर्यंत. बेकरी, वेफर्स, कपडे, असा हलका माल वाहिलेली हवी. मालकानं स्वतः बोलावं. रंग जुना असला तरी चालेल, नव्यानं मारू नका. बघायला आम्ही पहाटे येऊ, तोवर गाडी चालू करू नका.