टोपणनावांना ‘मुंबईचे प्रेम’ म्हणण्याआधी

‘मुंबईत जागेला, समाजाला आणि पुढाऱ्याला टोपणनाव पाडणे ही या शहराची प्रेमाची भाषा आहे, इथे कुणालाच सोडलेले नाही, म्हणून कुणाचाच अपमान होत नाही, ही नावे लोकांनीच सहज पाडलेली असतात आणि पूर्वी ती कुणी मनावर घेत नसे,’ अशा आशयाचा एक मजकूर, खाली ‘गमतीशीर’ नावांची यादी जोडून, सध्या व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. मराठी माणसेच तो मोठ्या हौसेने पुढे पाठवत आहेत, म्हणून त्यातील एकेक म्हणणे तपासणे मला आवश्यक वाटते.

जागांपुरते हे म्हणणे बरेचसे मान्य करता येईल. एडवर्ड राजाचा अश्वारूढ पुतळा १९६५ मध्ये फोर्टातून हलवून राणीच्या बागेत नेला, तरी काळा घोडा हे नाव जागेवरच राहिले आणि अखेर २०१७ मध्ये तिथे स्वाराविना नवा घोडा उभा राहिला. गिरणगाव हे नावही लोकांच्याच तोंडचे. मात्र प्रत्येक नाव लोकांनीच पाडलेले असते, हे खरे नाही. लोअर परळला ‘अप्पर वरळी’ आणि वडाळ्याला ‘न्यू कफ परेड’ तिथल्या चाळकऱ्यांनी म्हटले नव्हते. ती नावे घरे विकणाऱ्यांच्या जाहिरातींतून आली.

‘कुणालाच सोडलेले नाही’ हा युक्तिवाद मला सर्वांत फसवा वाटतो. या शहरात मराठी माणसाला ‘घाटी’ म्हणून हिणवले जाते आणि त्याने दुखावलेला तोच माणूस टॅक्सीवाल्याला ‘भय्या’ म्हणताना तीच तुच्छता आवाजात आणतो, हे खरे आहे; पण दोघांनी एकमेकांना नावे ठेवली म्हणजे हिशेब फिटला, असे होत नाही. आमच्या सोसायटीत नेपाळहून आलेल्या वॉचमनला सगळे ‘बहादूर’ म्हणत. पगाराच्या व्हाउचरवर तेच लिहिलेले असे, आणि त्याच्या आधीच्या वॉचमनच्या व्हाउचरवरही तेच होते. पगार बँकेत जमा करायचे ठरले, तेव्हा कुठे समितीने त्याला त्याचे खरे नाव विचारले. रहिवाशांच्या मनात आकस नव्हता. दिवाळीचा फराळ न चुकता त्याच्या केबिनमध्ये जात असे. पण तो मात्र प्रत्येकाला ‘शेठ’ किंवा ‘मॅडम’ म्हणत होता, आणि आमच्यापैकी कुणाला तोंडावर टोपणनावाने हाक मारली असती तर त्याची नोकरी गेली असती. नाव पाडण्याची मुभा एकाच बाजूला असेल, तर तिला बरोबरीची थट्टा म्हणता येत नाही.

पूर्वी कुणी मनावर घेत नसे, हे विधान तर इतिहासाला धरून नाही. १९३८ मध्ये मुंबई प्रांताच्या विधानसभेत स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कायद्यातील दुरुस्तीत अस्पृश्य समाजासाठी ‘हरिजन’ हा शब्द घातला गेला, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि भाऊराव गायकवाड यांनी त्याला विरोध केला, आणि तो मानला जात नाही असे दिसताच स्वतंत्र मजूर पक्षाचे सदस्य सभात्याग करून बाहेर पडले. हे नाव गौरवाच्या हेतूने दिलेले होते, तरीही ज्यांना ते चिकटवले जात होते त्यांना ते नको होते. पुढे १९६०च्या दशकात सगळ्या दाक्षिणात्यांना ‘मद्रासी’ या एकाच नावात कोंबून ‘बजाव पुंगी, हटाव लुंगी’ अशा घोषणा दिल्या गेल्या आणि उडुपी हॉटेलांवर दगड पडले. त्या हॉटेलवाल्यांनी ही गंमत समजून सोडून दिली असेल, असे मानायला काहीच आधार नाही.

पुढाऱ्यांच्या नावांबाबत थोडक्यात सांगतो. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांचा वरदहस्त आहे, अशा आरोपावरून विरोधक शिवसेनेला ‘वसंतसेना’ म्हणत; नाव झोंबणारे असले तरी त्यात एक राजकीय आरोप होता आणि त्याला उत्तर देता येत होते. एखाद्या नेत्याच्या उंचीवरून, वर्णावरून किंवा बोलण्यातील अडखळण्यावरून पाडलेल्या नावात असा आरोपच नसतो, म्हणून त्याला टीकेचे संरक्षण मागता येणार नाही.

सर्वांत गंभीर बाब यादीच्या शेवटी आहे. तिथे मुस्लीम वस्त्यांसाठी ‘मिनी पाकिस्तान’ हे नाव हसऱ्या इमोजीसह दिले आहे. बेंगळुरूच्या एका मुस्लीमबहुल भागाला कर्नाटक उच्च न्यायालयातील एका न्यायमूर्तींनी पाकिस्तान म्हटले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि भारताच्या कोणत्याही भूभागाला कुणीही पाकिस्तान म्हणू शकत नाही, असे २५ सप्टेंबर २०२४ रोजी स्पष्ट केले. जे न्यायमूर्तींच्या आसनावरून बोलणे गैर ठरले, ते आपल्या नातेवाइकांच्या गटात चालवून घेऊ नये. हा मजकूर आपल्यापर्यंत आला तर तो पुढे पाठवू नये आणि पाठवणाऱ्याला त्याचे कारणही सांगावे, अशी माझी वाचकांना विनंती आहे.