एमआरपी नसलेला देश

आई पहिल्यांदा इथे अमेरिकेत आली तेव्हा एडिसनच्या एका दुकानात तिने 10 डॉलरची चाळणी पसंत केली आणि दहाची नोट मुठीत धरून काउंटरवर गेली. समोरची मुलगी म्हणाली, दहा सहासष्ट. आईने चाळणी उलटी केली, सुलटी केली, चिकटवलेली किंमत तिला बोट ठेवून दाखवली. मुलगी हसून म्हणाली, टॅक्स. आई माझ्याकडे वळली. "मग हे वर काय लिहिलंय? चाळणीचं वय?"

चौदा वर्षं झाली मला न्यू जर्सीत. या प्रश्नाचं धड उत्तर अजून सापडलेलं नाही. आपल्याकडे साध्या बिस्किटच्या पुड्यावरसुद्धा एमआरपी असते, सर्व करांसह. दुकानदाराने रुपया जास्त मागितला तर आपण पुडा नाचवत भांडू शकतो. आणि इथे? कॉफीच्या पेल्यावर 'आतला पदार्थ गरम आहे' असं छापतात. शिडीवर 'या पायरीवर उभे राहू नका' म्हणून चित्रासकट सांगतात. सगळं लिहून देणारा हा देश, शेवटी खिशातून किती जाणार एवढंच तेवढं लिहीत नाही.

टॅक्सचं एक वेळ समजू शकते. देशभर एकच जीएसटी असा प्रकार नाही, ज्याचं राज्य त्याचा दर, बऱ्याच ठिकाणी वर काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, आणि शहराचा वेगळा. आमच्याकडे 6.625 टक्के, नदीपलीकडे न्यूयॉर्क शहरात 8.875, खाली डेलावेअरला शून्य. म्हणून मोठा टीव्ही घ्यायचा झाला की इथली मंडळी डेलावेअरला जाऊन येतात. कागदोपत्री तो टॅक्स नंतर घरी येऊन न्यू जर्सीला भरायचा असतो. भरणारा मला अजून भेटायचाय.

त्यातही पोटभेद आहेत. न्यू जर्सीत चॉकलेटला टॅक्स आहे, पण त्यात मैदा असला तर ते कायद्याने चॉकलेट राहत नाही, खाद्यपदार्थ होतं आणि टॅक्स माफ. न्यूयॉर्कमध्ये अख्खा बेगल, म्हणजे मधे भोक असलेला गोल पाव, घरी नेला तर टॅक्स नाही, दुकानदाराने सुरीने कापून दिला की आहे. हे ऐकल्यापासून आई म्हणते, तरी बरं, यांच्याकडे वडापाव नाही. पाव मध्ये चिरल्याशिवाय काय करणार?

खरा घाम टिपचा. पूर्वी निदान हॉटेलात बसून जेवलं तरच प्रश्न यायचा. आता उभ्या उभ्या कॉफी घेतली तरी तो पोरगा बिलाच्या मशीनचा पडदा आपल्याकडे फिरवतो: 18, 20, 25 टक्के. आणि मग छताकडे बघत उभा राहतो. मागे पाच माणसं. 'नो टिप'चं बटण असतं, पण ते सापडेपर्यंत माणूस ओशाळून वीसवर बोट ठेवून मोकळा होतो. एकदा दह्याच्या दुकानात कप मी घेतला, दही मी भरलं, वर फळं मी घातली, वजन काट्याने केलं, आणि टिप मागितली पडद्याने.

चिडचिड होते, पण राग त्या पोरांवर काढता येत नाही. टिपवर जगणाऱ्या कामगाराला मालकाने तासाला किमान 2.13 डॉलर द्यायचे, हा केंद्राचा आकडा 1991 पासून तसाच आहे. टिप धरून तासाचे 7.25, म्हणजे केंद्राचं नेहमीचं किमान वेतन, भरले नाहीत तर फरक मालकाने द्यायचा, असं कायदा म्हणतो. आमच्या राज्यात दर थोडा बरा आहे, इतकंच. म्हणजे मालकाचा पगारपत्रक सांभाळायचा ताप गिऱ्हाइकाच्या भिडेवर सोडलाय. भीड ही आपली खासियत, असं मला वाटायचं.

आणि गंमत बघा. न्यू जर्सीत स्वतःच्या हाताने पेट्रोल भरायला 1949 पासून बंदी आहे. असं राज्य आता देशात एकच उरलंय. जानेवारीत बर्फाळ वाऱ्यात एक माणूस टोपी ओढून उभा असतो, आपण काच दोन बोटं खाली करून कार्ड देतो, गाडीत हीटर चालू. त्याला टिप? सहसा कुणीच देत नाही. तशी रीत नाही म्हणे. रीत कोण ठरवतं, विचारू नका.

पण या सगळ्यावर कळस हॉस्पिटलचा. गेल्या वर्षी लेक फुटबॉल खेळताना पडला, मनगट मोडलं. इमर्जन्सीत प्लॅस्टर घालायच्या आधी मी साधं विचारलं, किती होतील? तिथल्या बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवळात चपलेचा भाव विचारला. 2021 पासून हॉस्पिटलांनी आपले दर वेबसाइटवर टाकणं सक्तीचं आहे. नंतर मी ती फाइल उतरवून घेतली. लॅपटॉप गार पडला.

मग सहा महिने पाकिटं. हॉस्पिटलचं वेगळं, डॉक्टरचं वेगळं, एक्स-रे वाचणाऱ्याचं वेगळं, ज्याचं तोंडही आम्ही पाहिलं नाही. इन्शुरन्सकडून कागद यायचे, त्यांवर ठळक अक्षरात 'हे बिल नाही', आणि खाली आकडे. अचानक येणाऱ्या बिलांविरुद्ध 2022 पासून कायदा आहे. त्यात हेलिकॉप्टरची अँब्युलन्स येते, रस्त्यावरची येत नाही. नशीब, आम्ही आमच्या गाडीतून गेलो.

शेवटी ऑफिसातल्या एका मैत्रिणीने कानमंत्र दिला: फोन कर आणि बिलाची तपशीलवार यादी माग. मागितली. दोन ओळी आपोआप गळाल्या. मग भीड चेपली, म्हटलं, अजून काही कमी होईल का? पलीकडची बाई क्षणभर थांबून म्हणाली, आज भरलंत तर वीस टक्के कमी करू शकते.

आई तेव्हा पुन्हा आलेली होती, भेंडी निवडत ऐकत होती. मी फोन ठेवल्यावर म्हणाली, "काल त्या भाजीवाल्याला भेंडीचा भाव कमी कर म्हटलं तर मला गप्प केलंस. इथे असं चालत नाही म्हणालीस."

"भाजीला नाही चालत गं."

"आणि हॉस्पिटलला चालतं." तिने एक भेंडी मोडून पाहिली, जून निघाली, बाजूला टाकली. "पंचवीस म्हणायचंस आधी."

मागच्या आठवड्यात त्याच हॉस्पिटलकडून आणखी एक पाकीट आलं. धडधडत्या छातीने फोडलं, तर आत चेक. 4 डॉलर 17 सेंट, माझ्या नावे. फोन लावला, कशाचे म्हणून विचारलं. त्या बाईंनाही सांगता आलं नाही. चेक फ्रिजवर चुंबकाखाली लावून ठेवलाय. आई रोज येता-जाता म्हणते, लवकर टाक बँकेत, त्यांनी पुन्हा बेरीज करायच्या आत.