‘डीएनए खोटं बोलत नाही’... बरं, पण पुडी कोणी बांधली?

परत तो फॉरवर्ड फिरतोय. ‘डीएनए कधीच खोटं बोलत नाही, सगळ्यांचा डीएनए आधारला जोडा, बलात्कारी दोन दिवसात सापडेल, आणि ज्याने काही केलंच नाही त्याने घाबरायचं कशाला?’

आधी पहिलं वाक्य घेऊ. डीएनए बोलत नाही हो, बोलतो तो रिपोर्ट, आणि रिपोर्टच्या आधी पंचनामा, नमुन्याची पुडी, सील, मालखाना (पोलीस ठाण्यात पुरावे ठेवायची खोली), मग लॅब एवढा प्रवास असतो. दिल्लीची छावला बलात्कार-खून केस बघा, गुन्हा २०१२ चा, तिघांना फाशी झालेली, २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सोडलं. बाकी कारणं होतीच, पण सँपल १४ आणि १६ फेब्रुवारीला घेतले आणि लॅबला गेले २७ ला, मधले दिवस पोलीस ठाण्याच्या मालखान्यात पडून, मग छेडछाड झालीच नाही असं छातीठोक कोण सांगणार? शेवटी २०२५ मध्ये कोर्टालाच सांगावं लागलं की सँपल ४८ तासांत लॅबला पोचवा.

आणि हे फक्त आपल्याकडेच असं नाही. जर्मनीत हाइलब्रॉनला २००७ मध्ये एका महिला पोलिसाचा खून झाला, तिथे सापडलेला डीएनए जर्मनी, ऑस्ट्रिया, फ्रान्स मिळून जवळपास ४० ठिकाणी निघाला. सगळीकडे एकच बाई! दोन वर्षं शोधाशोध, आणि २००९ मध्ये कळलं की तो डीएनए सँपल घ्यायच्या कापसाच्या काड्या पॅक करणाऱ्या कामगार बाईचा होता. काड्या निर्जंतुक होत्या, पण त्याने जंतू मरतात, डीएनए राहतोच.

दोन दिवसात सापडेल म्हणे. अरे एनसीआरबीचे (सरकारची गुन्ह्यांची आकडेवारी ठेवणारी संस्था) आकडे दरवर्षी तेच सांगतात, बलात्काराच्या बहुतेक केसेसमध्ये आरोपी मुलीच्या ओळखीचाच असतो. तिथे ‘कोण’ हा प्रश्नच नसतो, भांडण संमतीवर असतं, आणि ते काही डीएनए सांगत नाही.

आता घाबरायचं कशाला. कॅलिफोर्नियातला तो ‘गोल्डन स्टेट किलर’ नावाचा सीरियल किलर २०१८ मध्ये पकडला तो त्याच्या लांबच्या नातेवाइकांनी वंशावळीच्या साइटवर टाकलेल्या डीएनएवरून. खुनी सापडला हे उत्तमच, पण याचा अर्थ तुम्ही थुंकी दिली की तुमच्या चुलत-मावस भावंडांचीही दिली, त्यांना न विचारता. थुंकीवरून डीएनए तपासून देणाऱ्या ट्वेंटीथ्री अँड मी कंपनीचा डेटा २०२३ मध्ये फुटला, ६९ लाख लोकांचा. पासवर्ड बदलता येतो, डीएनए कसा बदलणार?

आपल्याकडे २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्याने आरोपींचे जैविक नमुने घेता येतात आणि रेकॉर्ड ७५ वर्षं ठेवता येतं, निर्दोष सुटलात तर पुसायची तरतूद आहे पण सगळे अपील संपल्यावर, म्हणजे आपल्या कोर्टांच्या वेगाने कधी ते तुम्हीच मोजा. डीएनएसाठी वेगळं विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत आलं होतं, ते २०२३ मध्ये मागे घेतलं. आणि सगळ्यांचाच डीएनए घ्यायचा प्रयोग कुवेतने करायला घेतला होता, २०१५ मध्ये कायदाही केला, २०१७ मध्ये त्यांच्याच घटनात्मक कोर्टाने तो रद्द केला.