मुलांनी विज्ञानाकडे वळावे, पण वळल्यावर काय?

देशाला जगाच्या स्पर्धेत टिकायचे असेल तर तरुणांनी विज्ञानाकडे वळले पाहिजे, हे वाक्य मी शिक्षक म्हणून अनेक व्यासपीठांवरून ऐकले आहे आणि ते मला मान्यही आहे. खटकते ते एवढेच की हे सांगताना आपण सारा भार तरुणांच्या इच्छेवर टाकतो. वळून आलेल्यांसाठी आपण काय करणार आहोत, याचा उच्चार क्वचितच होतो.

4 ऑक्टोबर 1957 रोजी सोव्हिएत संघाने सुमारे 84 किलो वजनाचा स्पुटनिक हा कृत्रिम उपग्रह अवकाशात सोडला आणि आपण मागे पडलो, अशी धास्ती अमेरिकेने घेतली. वर्षभराच्या आत, सप्टेंबर 1958 मध्ये, तेथे राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा झाला. त्यातून महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना कमी व्याजाची कर्जे, उच्च शिक्षण घेणाऱ्यांना अभ्यासवृत्ती आणि शाळांना गणित, विज्ञान व परकीय भाषा शिकवण्याची साधने मिळू लागली. कर्ज घेतलेला विद्यार्थी पुढे सरकारी शाळेत शिक्षक झाला, तर त्याचे निम्म्यापर्यंत कर्ज माफ होत असे. मला ही तरतूद सर्वांत दूरदृष्टीची वाटते, कारण विज्ञानाची गोडी लागते किंवा कायमची उडते ती बहुधा शाळेच्या प्रयोगशाळेतच.

एकदा एक मीटर लांबीच्या दोलकाचा प्रयोग चालू असताना एका विद्यार्थिनीला दोलनकाल, म्हणजे एका पूर्ण आंदोलनाला लागणारा वेळ, 1.9 सेकंद मिळाला. पुस्तकाप्रमाणे तो सुमारे 2 सेकंद यायला हवा, म्हणून तिने आपला आकडा खोडून 2 लिहिला. मी तिला पुन्हा मोजायला सांगितले आणि शेजारी उभा राहिलो, तेव्हा चूक लक्षात आली. स्टॉपवॉच सुरू करतानाच ती ‘एक’ म्हणत होती, त्यामुळे वीस म्हणेपर्यंत प्रत्यक्षात एकोणीसच आंदोलने होत होती आणि मिळालेल्या 38 सेकंदांना ती वीसने भागत होती. ज्या आकड्याची तिला लाज वाटली, त्यातच शिकण्यासारखे सारे काही होते. परीक्षेत मात्र गुण ‘बरोबर’ उत्तराला मिळतात, आणि वर्षानुवर्षे आकडे खोडायला शिकलेली मुले पुढे नवे काही शोधतील, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते.

पुढे मोठा शास्त्रज्ञ झालेला मायकेल फॅरडे तरुणपणी लंडनमध्ये पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करीत होता. दुकानात येणाऱ्या एका गृहस्थाने 1812 मध्ये त्याला रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांची तिकिटे दिली. त्याने टिपणे काढली, ती बांधून डेव्हींकडे पाठवली आणि पुढच्या वर्षी त्याला रॉयल इन्स्टिट्यूशन या विज्ञानसंस्थेत साहाय्यकाचे काम मिळाले. 1831 मध्ये त्याने विद्युतचुंबकीय प्रवर्तन, म्हणजे बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे वीज निर्माण होणे, शोधून काढले, ज्यावर आजही बहुतेक वीजनिर्मिती चालते. बुद्धी त्याची स्वतःची होती, परंतु ते तिकीट आणि ती नोकरी दुसऱ्या कोणीतरी दिली होती, हे विसरून चालणार नाही.

शोधाला लागणारा वेळही स्पर्धेच्या भाषेत बसत नाही. जीवरसायनशास्त्रज्ञ कॅटालिन कारिको यांना एमआरएनएच्या, म्हणजे पेशीला प्रथिने बनवण्याची सूचना देणाऱ्या रेणूच्या, संशोधनासाठी अनुदाने नाकारली गेली आणि 1995 मध्ये त्यांना पदावनती स्वीकारावी लागली. त्यांनी आणि त्यांचे सहकारी ड्र्यू वाइसमन यांनी 2005 मध्ये मांडलेले निष्कर्ष 2020 च्या कोविड लसींमध्ये कामी आले, आणि 2023 मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. कारिको टिकल्या म्हणून आपण त्यांचे कौतुक करतो, ते योग्यच आहे. पण अशाच टप्प्यावर संशोधन सोडून गेलेल्यांची नोंद कोठेही राहत नाही, आणि देशाचे खरे नुकसान मला तेथे दिसते. तीन वर्षांत उपयोग दाखवा, असे म्हणणाऱ्या योजना या माणसांना धरून ठेवू शकत नाहीत.

दोलकाचा प्रयोग करणारी ती विद्यार्थिनी पुढे काही वर्षांनी भेटली, तेव्हा तिने विचारले, “सर, हेच काम करत राहून जगता येतं का?” पदवी, पदव्युत्तर शिक्षण, पीएचडी, मग दोन-दोन वर्षांच्या तात्पुरत्या नेमणुका आणि त्यानंतर मिळालीच तर कायमची जागा, असा सारा मार्ग मी तिला काहीही न लपवता सांगितला. तिने बोटांवर वर्षे मोजली, आणि या वेळी मोजणीत चूक नव्हती. पगाराविषयी तिने काही विचारले नाही. “तोपर्यंत घरचे थांबतील का, सर?” एवढेच ती म्हणाली, आणि माझ्याकडे उत्तर नव्हते.