सहा महिन्यांचा खर्च बाजूला? बरं, पण कुठून?

दोन कंत्राटांच्या मधे खंड पडतो म्हणून फ्रीलान्सरने सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवावा, असं फ्रीलान्सिंगवरच्या या लेखात म्हटलंय. सल्ला खोटा नाही, पण पैसे अडकतात कुठे तेही लिहायला हवं होतं. मी रत्नागिरीत बसून पुण्या-मुंबईच्या ऑफिसांसाठी ऑटोकॅडची ड्रॉइंग्ज करतो. काम संपतं मार्चात, पैसे येतात गणपतीच्या तोंडावर, आणि त्यातूनही टीडीएस, म्हणजे आधीच कापून घेतलेला आयकर, वजा झालेला. काम नाही म्हणून होते त्याहून जास्त ओढाताण वसुली नाही म्हणून होते.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करा. ऑनलाइन होते, फुकट होते. तो नंबर प्रत्येक बिलावर ठळक छापा. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर १५. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या 'बँक रेट'च्या तिप्पट दराने व्याज. व्याज मागायला कोण जातंय म्हणा, पुढचं काम हवं असतं! पण नंबर दिसला की अकाउंट्सवाला फाइल जरा वर काढतो, हा अनुभव आहे.

बिलाचे पैसे वेगळ्या खात्यात, तिथून दर १ तारखेला घरखात्यात ठरावीक 'पगार', एवढ्यावर निभतं. इथल्या मिरकरवाडा बंदरातल्या ट्रॉलरवाल्यांना १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी, पण कमाई कधी थांबणार ती तारीख तरी ठाऊक असते. आपल्याला तीही नाही. शिवाय 'घरीच आहेस ना, जरा तलाठ्याकडून सातबारा घेऊन ये' हे अख्ख्या भावकीकडून ऐकायची तयारी ठेवा.