‘रिकामटेकड्यांचे उद्योग’: एका प्रतिक्रियेला उत्तर

डॉटनेट (मायक्रोसॉफ्टची प्रोग्रॅम चालवणारी यंत्रणा) प्रोग्रॅममधून नेटिव्ह डीएलएल (सी सारख्या भाषेतल्या, डॉटनेटच्या देखरेखीबाहेर चालणाऱ्या तयार कोडची फाइल) वापरताना होणारे क्रॅश कसे शोधायचे, या माझ्या मागच्या लेखाखाली एका वाचकांनी लिहिलं आहे: “वाचून वेळ वाया गेला. नेटिव्ह डीएलएलमध्ये क्रॅश झाला म्हणजे चूक डीएलएलवाल्याची. डंप त्याच्या तोंडावर मारायचा आणि आपण आपलं काम करायचं. विनडीबीजीचे हे उद्योग रिकामटेकड्यांचे. ज्याने प्रॉडक्शन पाहिलं आहे तो नेटिव्ह भाग वेगळ्या प्रोसेसमध्ये टाकतो किंवा सरळ ट्राय-कॅच लावतो. लेखही उगाच लांबवला आहे.”

(नवख्यांसाठी: डंप म्हणजे प्रोग्रॅम पडला त्या क्षणीच्या त्याच्या मेमरीची फाइल, विनडीबीजी म्हणजे ती उघडून तपासायचं साधन, आणि ट्राय-कॅच म्हणजे कोडमधली चूक पकडून पुढे चालायची सोय.) शेवटापासून सुरुवात करतो. लेख लांबला, मान्य. पेज हीपचा (मेमरीतली चूक जागेवर पकडायच्या सोयीचा) भाग वेगळा टाकला असता तर वाचणाऱ्याला सोपं गेलं असतं. सूचनेबद्दल आभार.

आता उरलेलं. मतभेद असावेत, त्याशिवाय लिहिण्यात मजा नाही. पण आपण मला ओळखत नाही, मी आपल्याला ओळखत नाही, आणि पहिल्याच भेटीत आपण मला रिकामटेकडा ठरवून मोकळे झालात. “हे मला पटलं नाही, कारण अमुक” असं लिहायला तेवढीच अक्षरं लागली असती. टोपणनावाआडून ‘तोंडावर मारायचा’ वगैरे भाषा सुचते, हे आता सवयीचं झालं आहे. तरीही खटकतं. आणि ‘ज्याने प्रॉडक्शन पाहिलं आहे’ हा टोमणा कुणाला आहे, हे न कळण्याइतका मी भोळा नाही.

तर प्रॉडक्शनबद्दल. मी व्हीबी ६ (व्हिज्युअल बेसिक) मध्ये ‘डिक्लेअर’च्या, म्हणजे डीएलएलमधली फंक्शन बोलावणाऱ्या, ओळी लिहीत या धंद्यात आलो. एक पॅरामीटर ‘बायव्हॅल’ लिहायचा राहिला की अख्खा आयडीई (कोड लिहायचा प्रोग्रॅम) न सेव्ह केलेल्या कामासकट नाहीसा व्हायचा. नेटिव्ह कोड काय करू शकतो हे मला कुणाच्या स्लाइडवरून कळलेलं नाही. पुढे बरीच वर्षं साखर कारखान्यांच्या वजनकाट्यांची सॉफ्टवेअरं सांभाळली. गळीत हंगाम ऐन भरात आहे, केनयार्डात ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि टायरगाड्यांची रांग रस्त्यापर्यंत गेली आहे, आणि काट्याचा प्रोग्रॅम पडला आहे. वजन नाही म्हणून पावती नाही, पावती नाही म्हणून गाडी गव्हाणीकडे जात नाही. शेतकी अधिकारी खिडकीत उभे. याला प्रॉडक्शन म्हणत नसतील तर मला माहीत नाही कशाला म्हणतात.

अशाच एका कारखान्यावरची गोष्ट सांगतो, कारण आपल्या त्या एका वाक्याचं उत्तर तिच्यात आहे. ‘नेटिव्ह डीएलएलमध्ये क्रॅश झाला म्हणजे चूक डीएलएलवाल्याची.’ हे वाक्य मी तिथल्या ईडीपी (कॉम्प्युटर) विभागात रोज ऐकत होतो. प्रोग्रॅम सी शार्पमधला, माझ्या आधीच्या कंत्राटदाराने लिहिलेला. इंडिकेटरबरोबर (काट्याचं वजन दाखवणाऱ्या यंत्राबरोबर) आलेली डीएलएल ३२ बिटची, सी मध्ये लिहिलेली. ती स्वतःच्या थ्रेडवर (प्रोग्रॅममध्येच समांतर चालणाऱ्या कामात) सीरियल पोर्ट वाचायची आणि वजन स्थिर झालं की सी शार्पमधलं एक फंक्शन कॉल करायची. प्रोग्रॅम कधी दिवसभर चालायचा, कधी तासाभरात पडायचा. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) ॲक्सेस व्हायोलेशन, म्हणजे मनाई असलेल्या मेमरीला हात लावल्याची नोंद. पडलेल्या थ्रेडवर बघावं तर सगळ्या फ्रेम (कुणी कुणाला कॉल केलं त्या यादीतल्या ओळी) डीएलएलच्या, आमच्या कोडची एकही नाही. झालं, गुन्हेगार सापडला. डंप इंडिकेटरवाल्यांच्या तोंडावर मारला गेला, अगदी आपण सांगता तसा. त्यांनी बिचाऱ्यांनी नवी डीएलएल पाठवली. रात्री कमी गाड्या होत्या तेव्हा ती चालली, सगळ्यांनी चहा घेतला. सकाळी गर्दी झाली आणि पुन्हा पडली.

त्या डंपमध्ये सगळ्यात वरची फ्रेम कुणी बघितलीच नव्हती. तिथे कुठल्याही मॉड्यूलचा नसलेला एक पत्ता होता. डीएलएलने ज्या पत्त्यावर उडी मारली तिथे आता काहीच नव्हतं. तो पत्ता डीएलएलला दिला कुणी? आम्हीच. रजिस्टर करताना मेथडचं नाव नुसतंच पॅरामीटर म्हणून लिहिलं होतं. अशा वेळी कंपायलर तिथल्या तिथे एक डेलिगेट (मेथडकडे बोट दाखवणारं ऑब्जेक्ट) तयार करतो, रनटाइम त्याच्यासाठी नेटिव्ह बाजूने कॉल करता येईल असा एक छोटा थंक (मधल्या दुव्याचा कोड) बनवतो आणि त्याचा पत्ता डीएलएलला देतो. डीएलएल तो जपून ठेवते. पण गार्बेज कलेक्टरला (जीसी, म्हणजे न वापरातली मेमरी गोळा करणाऱ्या डॉटनेटच्या भागाला) डीएलएलच्या पोटात काय आहे ते दिसत नाही. मॅनेज्ड, म्हणजे डॉटनेटच्या, बाजूला त्या डेलिगेटला धरून ठेवणारं कुणी नाही, म्हणून पुढच्या फेरीत तो डेलिगेट गोळा होतो आणि त्याच्याबरोबर थंकही जातो. पुढचं वजन आलं की डीएलएल प्रामाणिकपणे जुन्याच पत्त्यावर कॉल करते.

गर्दीत जास्त का पडायचं, हेही इथेच उलगडतं. पावत्या जास्त, ऑब्जेक्ट जास्त, जीसीच्या फेऱ्या लवकर. सिद्ध करायला रजिस्टर केल्याबरोबर मुद्दाम जीसी चालवण्याची एक ओळ घातली. पुढच्याच गाडीच्या वजनाला प्रोग्रॅम पडला. मग डेलिगेट स्टॅटिक फील्डमध्ये (प्रोग्रॅम संपेपर्यंत टिकणाऱ्या जागेत) धरून ठेवला, जीसीची ओळ तशीच ठेवली, आणि गाड्या मुकाट्याने काट्यावरून जायला लागल्या. डीएलएलवाल्याची चूक? शून्य. जुन्या डॉटनेट फ्रेमवर्कमध्ये नेमका हाच प्रकार पकडणारा ‘कॉलबॅक ऑन कलेक्टेड डेलिगेट’ नावाचा डीबगिंग असिस्टंट होता. म्हणजे मायक्रोसॉफ्टमध्येही काही रिकामटेकडे असावेत.

(जाता जाता: काहीही कॅप्चर न करणारा (बाहेरचं व्हेरिएबल न वापरणारा) लॅम्ब्डा, म्हणजे बिननावाचं फंक्शन, दिला तर कंपायलर तो डेलिगेट स्वतःच साठवून ठेवतो. सी शार्प ११ पासून स्टॅटिक मेथडचं नाव दिलं तरी साठवतो. म्हणून तीच चूक एकाच्या मशीनवर कधीच दिसत नाही आणि तो दुसऱ्याला “माझ्याकडे तर चालतंय” असं ऐकवतो.)

हा एकच नमुना आहे असं म्हणाल, तर दुसरा घ्या. डीएलएलमधलं एक फंक्शन इंडिकेटरचा मॉडेल नंबर परत देतं, स्वतःच्या स्टॅटिक बफरचा पॉइंटर म्हणून. सी शार्पमध्ये कुणीतरी परतीचा प्रकार सरळ ‘स्ट्रिंग’ लिहून ठेवतो. मार्शलर (दोन्ही बाजूंमध्ये डेटाची ने-आण करणारा डॉटनेटचा भाग) मजकूर कॉपी करतो आणि मग ती मेमरी आपलीच समजून सीओटास्कमेमफ्री या विंडोजच्या फंक्शनने मोकळी करायला जातो. जी मेमरी कधी हीपवर (मागाल तशी मेमरी मिळते त्या साठ्यावर) घेतलीच नव्हती! हा प्रोग्रॅम विंडोज एक्सपीवर वर्षानुवर्षं चालत होता, मशीन बदलून विंडोज ७ आलं आणि पडायला लागला. रिपोर्टमध्ये फॉल्टिंग मॉड्यूल: एनटीडीएलएल, म्हणजे विंडोजचीच डीएलएल. तुमच्या नियमाने चूक विंडोजची. मग डंप नेऊन मारा रेडमंडला, मायक्रोसॉफ्टच्या मुख्यालयात. उपाय होता परतीचा प्रकार इंटपीटीआर (नुसता पत्ता) करून स्ट्रिंग स्वतः वाचणं.

हीप बिघडतो एका जागी आणि प्रोग्रॅम पडतो भलत्याच जागी, कधी दहा मिनिटांनी. म्हणूनच जीफ्लॅग्ज या विंडोजच्या डीबगिंग साधनाने फुल पेज हीप चालू करायचा. मग प्रत्येक ॲलोकेशन पानाच्या टोकाला बसतं, त्यापुढचं पान बंद असतं, आणि हद्दीबाहेर लिहिणारा बहुतेक वेळा लिहितानाच सापडतो. मेमरी भरमसाट खातो, प्रोग्रॅम रांगतो, पण जागा दाखवतो. याच भागाला तुम्ही ‘उद्योग’ म्हणालात.

मी कुठेही असं लिहिलेलं नाही की डीएलएलवाले कधीच चुकत नाहीत. चुकतात, पुष्कळ चुकतात. पण ज्याच्या फ्रेममध्ये पडलं त्याची चूक, हा नियम तुम्ही कुठून काढलात ते तरी लिहायचं होतं. नियम लिहायला एक ओळ पुरली आणि मला शिव्या द्यायला बाकीच्या.

ट्राय-कॅचबद्दल फार लिहीत नाही. डॉटनेट ४ म्हणजे २०१० पासून ॲक्सेस व्हायोलेशनसारखी एक्सेप्शन (चालताना उद्भवणाऱ्या चुका) साध्या कॅचमध्ये येतच नाहीत. जुन्या फ्रेमवर्कमध्ये खास ॲट्रिब्यूट (मेथडवर लावायची खूण) लावून ती पकडता येत होती. डॉटनेट कोअरमध्ये, म्हणजे नव्या डॉटनेटमध्ये, ते ॲट्रिब्यूट लावलं तरी काही होत नाही, प्रोसेस जाते. लेखात हे होतं. पण लांब लेख वाचायचा नाही आणि प्रतिक्रिया मात्र द्यायची, असं ठरलेलं असलं की हे व्हायचंच.

आणि वेगळी प्रोसेस? टाका की, कोण नको म्हणतंय. मीही टाकतो. पण मूळ चूक तशीच राहिली, तर रोज पडणारी प्रोसेस रोज उठवत बसायचं एवढंच. तो विषय वेगळा आहे, इथे नको.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, शब्द न शब्द तशीच आहे. फक्त पुढच्या वेळी डंप कुणाच्या तोंडावर मारायचाच असेल, तर तो निदान पूर्ण घ्या. प्रॉकडंपला (डंप घ्यायच्या साधनाला) एमए स्विच द्या, किंवा रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात) लोकलडंप्सखाली डंपटाइप २ करा. मुळात तो १ असतो, म्हणजे मिनी डंप, आणि त्यात मॅनेज्ड हीप नसतो. डेलिगेट कुणी धरलाय की नाही हे अशा डंपवरून समोरचाही सांगू शकणार नाही, आणि मग तो तुम्हाला जे उत्तर पाठवेल ते या उत्तरापेक्षा बरंच तुटक असेल.